फुटलेल्या तांबड्या पेशींचा माग

तांबडी रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते. सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर ती त्याआधीच फुटते. तिच्यातले हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडले तर मूत्रपिंडाला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अपाय होतो. ते आवरणारी काही प्रथिने शरीरात असतात. ती किती खर्ची पडली, यावरून पेशी फुटत असल्याचा अंदाज येतो.

त्यांत पहिले हॅप्टोग्लोबिन. ते यकृतात तयार होते आणि मोकळ्या हिमोग्लोबिनला घट्ट धरते. ही जोडी मॅक्रोफेज पेशी काही मिनिटांत गिळतात. गिळलेले हॅप्टोग्लोबिन परत मिळत नाही, त्याची भरपाई व्हायला दिवस लागतात. प्रौढांत ते डेसिलिटरमागे साधारण 30 ते 200 मिलिग्रॅम असते. पेशी जोरात फुटू लागल्या की ते जवळपास शून्यावर येते. पण एकट्या या आकड्यावर निदान करू नये. जंतुसंसर्गात हॅप्टोग्लोबिन वाढते, यकृत बिघडले तर घटते, नवजात बाळात ते मुळातच कमी असते. म्हणून एलडीएच हे विकर, बिलिरुबिन आणि रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी यांचे आकडे सोबत पाहावे लागतात. हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाला, म्हणजे मोकळ्या हीमला, हिमोपेक्सिन हे दुसरे प्रथिन धरते.

हॅप्टोग्लोबिन संपले की हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून गळते आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा लाल होते. चाचणीपट्टी रक्त दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी फारशा दिसत नाहीत. ही विसंगती फार मोलाची आहे. मात्र स्नायू चिरडल्यावर सुटणाऱ्या मायोग्लोबिननेही पट्टी रंगते. अशा वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेल्या रक्ताचा द्रव पाहावा: हिमोग्लोबिन असेल तर तो गुलाबी, मायोग्लोबिन असेल तर नेहमीसारखा पिवळसर. भूम किंवा उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावीही एवढी तपासणी व्हायला हरकत नाही. काही दिवसांनी मूत्रनलिकांच्या गळलेल्या पेशींमध्ये हिमोसिडरिन हा लोहाचा साठा सापडतो. रंग निवळल्यावरही ती खूण टिकते.

जी-सिक्स-पीडीची कमतरता महाराष्ट्राला परकी नाही. कल्याण आणि केरळ या नावांनी वेगळी नोंदलेली तिची दोन रूपे प्रथिनातल्या 317व्या जागेच्या एकाच बदलाची असल्याचे 1992मध्ये दिसले. अशा माणसाला हिवतापावरचे प्रायमाक्विन दिले किंवा कपड्यांत ठेवलेल्या नॅप्थलीनच्या गोळ्यांशी बाळाचा संबंध आला, तर पेशी झपाट्याने फुटू शकतात. त्याच दिवसांत या विकराची तपासणी केली तर अहवाल फसवा येऊ शकतो. जुन्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत विकर जास्त असते. म्हणून सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये मूत्रपिंडासाठी लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन पाहणे महत्त्वाचे आहे. क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ते 30 मिलिग्रॅमच्या वर गेले की मूत्रपिंडाची चाळणी बिघडू लागल्याचे समजते, तेही रक्तातले क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी. दहाव्या वर्षापासून दरवर्षी ही तपासणी करावी असा सल्ला दिला जातो. अल्ब्युमिन पुन्हापुन्हा जास्त आले, तर रक्तदाबावरच्या काही विशिष्ट गोळ्यांनी ही गळती कमी करता येते.