काका डिलीट लावू देत नाहीत

नाशिकच्या पंचवटीतल्या एका तीर्थपुरोहितांच्या घरी नामावलीच्या पानांचे फोटो काढून संगणकात ठेवतात, हे ऐकून मला फार नवल वाटलं नव्हतं. सांगणारा पुढे म्हणाला, “पण काका डिलीट लावू देत नाहीत.” तेवढ्यासाठी गेलो.

गोदेवर दशक्रियेला आलेल्या माणसानं गाव आणि आडनाव सांगायचं, गुरुजींनी त्या गावचं बाड काढायचं, आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवायचं. मग त्यानं खाली स्वतःची, भावांची, मुलांची नावं लिहून सही करायची. हीच नामावली. जुनी पानं मोडीत. काकांच्या खोलीत ही बाडं लाल कापडात बांधून गाववार लावली आहेत. लॅपटॉपवरची फोल्डरंही गाववारच.

फोटो काढणं, कडा कापणं, नाव देणं हे काकांचा पुतण्या गप्पा मारता मारता उरकतो. तो गप्प होतो रात्री, हे फोटो बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवायला काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिताना. ती ओळ आरसिंकची. हा फुकट प्रोग्राम अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आणला. फाइलचा आकार आणि बदलाची वेळ जुळली की ती तो सोडून देतो, नाही जुळली की पुन्हा उतरवतो. काय करायचं, काय नाही, हे ओळीतल्या अक्षरांनी सांगायचं.

सगळे ‘-ए’ लावतात. त्यात आर, एल, पी, टी, जी, ओ, डी असे सात पर्याय एकदम येतात. पुतण्यानं त्यातले आर आणि टी एवढेच ठेवलेत. कारण ड्राइव्ह. टीव्हीलाही चालावा म्हणून दुकानदारानं तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून दिला होता, आणि फॅटला फाइलचा मालक कोण, परवानग्या कोणत्या, हे लिहून ठेवता येत नाही. ‘-ए’ लावलं की पडदा तक्रारींनी भरायचा.

तक्रारी थांबल्या, तरी रोज निम्मे फोटो नव्यानं जात होते. न बदललेले. “दोन सेकंदांचा घोळ होता,” तो म्हणाला. फॅट वेळ लिहिते ती २ सेकंदांच्या टप्प्यानं. ज्या फोटोची वेळ विषम सेकंदावर, तो ड्राइव्हवर एक सेकंद मागे पडतो. आरसिंकला वाटतं, फाइल बदलली. सम सेकंदवाले सुटतात, म्हणून बरोबर निम्मे. ‘--मॉडिफाय-विंडो=१’ लावलं, म्हणजे एका सेकंदाचा फरक माफ केला, आणि तासाचं काम मिनिटांवर आलं. २ सेकंदांपायी महिनाभर ड्राइव्ह घासला, हे तो हसत सांगतो. मला त्या विषम सेकंदांची गंमत वाटत राहिली.

‘-झेड’ त्यानं काढून टाकलंय. ते नेटवरून पाठवताना दाबून लहान करण्यासाठी. शेजारच्या ड्राइव्हला त्याचा काय उपयोग! उगमाच्या फोल्डरपुढची तिरकी रेघ मात्र तो बोट ठेवून तपासतो. रेघ असली तर फोल्डरातलं सामान जातं, नसली तर अख्खं फोल्डर आत जाऊन बसतं.

आणि ‘--डिलीट’. इकडे नाही ते तिकडूनही पुसायचं, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. पुतण्याला हा नीटनेटकेपणा हवा होता. आधी ‘-एन’ लावून फक्त यादी काढायची, प्रत्यक्षात काही हलवायचं नाही, अशी त्याची सवय. यादी तो मोठ्यानं वाचतो. एकदा वाचता वाचता आलं, ‘डिलीटिंग फैजपूर’. पलीकडून काकांनी विचारलं, “कोणतं गाव?”

त्यानं फैजपूरचं फोल्डर यावलमध्ये हलवलं होतं, एवढंच. आरसिंकला फाइल हलवलेली कळत नाही. जुन्या जागी ती गेली आणि नव्या जागी दुसरी आली, असंच तो समजतो. पुतण्यानं हे समजावलं. काका म्हणाले, “समजलं. पण उद्या तुझ्याकडूनच एखादं गाव पुसलं गेलं, तर हा तिकडचंही पुसणार ना?”

पुसणार. काका संगणकाला हात लावत नाहीत, तरी मुद्द्यावर त्यांनीच बोट ठेवलं. तंतोतंत नक्कल चुकीचीही नक्कल करते. उगमाचं फोल्डर काही कारणानं रिकामं दिसलं, तर डिलीट लावलेली ओळ ड्राइव्हही तितक्याच इमानदारीनं रिकामा करते. पुष्कळ लोक याला बॅकअप म्हणतात. मी म्हणणार नाही.

शेवटी तडजोड झाली ती अशी: डिलीट नाही. बदललेल्या फाइलची आधीची प्रत ‘--बॅकअप’ आणि ‘--बॅकअप-डिर’ लावून शेजारच्या, त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरात जाते. हलवलेली गावं ड्राइव्हवर जुन्या-नव्या दोन्ही जागी राहतात. पुतण्या कुरकुरतो की अशानं ड्राइव्ह भरेल, आणि ते खोटं नाही.

ड्राइव्ह ठेवायचा कुठे, यावर मात्र वाद नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडालेला इथल्या सगळ्यांनी पाहिलाय. लॅपटॉप आणि ड्राइव्ह एकाच कपाटात ठेवणं हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. पुतण्या दर रविवारी ड्राइव्ह गंगापूर रोडला बहिणीकडे नेतो आणि तिथला दुसरा घेऊन येतो. दुसरा एक्सटी-४ फॉरमॅटचा आहे, तिथे २ सेकंदांची भानगड नाही. त्याच्यासाठीची ओळ वेगळी, आणि दोन्ही ओळी त्यानं वहीत पेननं लिहून ठेवल्यात. वही काकांकडे असते.