एक्सप्लेनर : परदेशी चर्चच्या मदत सहली आणि ‘अनाथ’ मुले, इंझोरीसारख्या गावांनी काय लक्षात ठेवावे?

आश्रमातील बहुतेक मुलांना आई किंवा वडील असतात, मग ती तिथे का जातात? परदेशी पाहुण्यांसाठी भारतातला नियम काय? आणि घरीच राहणाऱ्या मुलाला दरमहा किती मदत मिळू शकते? सोप्या शब्दांत समजून घेऊ.

नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया अशा देशांतील चर्चमधून ‘मिशन ट्रिप’ निघतात. दहा-बारा जणांचा गट आठ-दहा दिवसांसाठी भारत, नेपाळ, कंबोडिया किंवा आफ्रिकेतील एखाद्या देशात जातो. भिंती रंगवणे, मुलांना गाणी शिकवणे, औषधे-कपडे वाटणे, जाताना देणगी देणे असा कार्यक्रम असतो. बहुतेकांचा हेतू चांगला असतो. पैसेही ते स्वतःच्या खिशातून घालतात.

तरीही गेल्या काही वर्षांत या सहलींवर जगभर प्रश्न विचारले जात आहेत, आणि ते विचारणाऱ्यांत अनेक चर्च स्वतःही आहेत.

इंझोरीचा यात काय संबंध?

मानोरा तालुक्यातील इंझोरी परिसरात सोयाबीन-तुरीची, पावसावर अवलंबून असलेली शेती आहे. वाशिम हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो आहे. घरचा कर्ता गेला, आई मजुरीसाठी बाहेरगावी जाते आणि मूल आजीकडे राहते, ही परिस्थिती इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

अशा घराला कुणी म्हणाले, ‘पोराला आमच्या आश्रमात द्या, जेवण-शिक्षण फुकट’, तर तो मोठा आधार वाटतो. पण त्या दिवसापासून आई असलेले मूल देणगीदारांच्या यादीत ‘अनाथ’ म्हणून जाऊ शकते. प्रश्न इथूनच सुरू होतो.

ही पद्धत आली कुठून?

वऱ्हाडाला ती नवी नाही. वाशिमचे तेव्हाचे नाव बासीम. १९०५ पर्यंत तो स्वतंत्र जिल्हा होता, मग अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या पट्ट्यात हाहाकार माजवला. त्या काळात बासीममध्ये अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनचे काम होते, तर अकोला-खामगाव भागात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांना आसरा दिला.

पैसा येत होता अमेरिकेतून. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा केली. १९०० मध्ये मक्याने भरलेले ‘क्विटो’ हे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईला आले. याच साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्षाला ठरावीक रक्कम भरून एकेका दुष्काळग्रस्त मुलाचा खर्च उचलला. आज ज्याला ‘चाइल्ड स्पॉन्सरशिप’ म्हणतात, त्याची ही जुनी आवृत्ती.

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण मात्र पंडिता रमाबाईंचे. त्यांचे स्वतःचे आई-वडील १८७४ च्या सुमारास दुष्काळी उपासमारीत गेले होते. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्या दुष्काळांत रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. नंतर गुजरातेतूनही मुली आल्या. दौंड तालुक्यातील केडगावचे ‘मुक्ती मिशन’ त्यातून उभे राहिले आणि ते आजही सुरू आहे.

वादही तेव्हापासूनचा आहे. शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार समितीने अंग काढून घेतले आणि बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या.

मग तेव्हा आणि आता यात फरक काय?

१९०० साली मूल रस्त्यावर पडले तर त्याला विचारणारी दुसरी यंत्रणा जवळपास नव्हती. आश्रम किंवा मृत्यू, असाच हिशेब होता. आज बालकल्याण समिती आहे, कायदा आहे, घरपोच मदतीच्या योजना आहेत. परिस्थिती बदलली, पण पैसे देण्याची पद्धत बरीचशी तीच राहिली. पैसा मुलाच्या घरी जात नाही, आश्रमाकडे जातो, आणि मूल आश्रमात असेल तरच येतो.

गणित साधे आहे. जास्त मुले म्हणजे जास्त देणगी. देणगी वाढली की खाटा वाढतात आणि खाटा वाढल्या की त्या भरायला मुले लागतात. संस्थाचालक वाईटच असायला हवा असे नाही. रचनाच मुलाला घराबाहेर ओढते.

‘अनाथ’ म्हणजे नेमके कोण?

युनिसेफच्या २०१५ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १४ कोटी मुले अनाथ होती. पण या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एकजण गमावलेली मुलेही धरली जातात. दोघांनाही गमावलेल्या मुलांची संख्या होती सुमारे १ कोटी ५१ लाख. म्हणजे साधारण दहापैकी नऊ मुलांना आई किंवा वडील होते.

कंबोडियात पर्यटक आणि स्वयंसेवकांची गर्दी वाढली तसे अनाथाश्रमही वाढले. तिथल्या आश्रमांतील साधारण चारपैकी तीन मुलांचे किमान एक पालक हयात असल्याचे आढळले. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर मुलांना परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना ऑस्ट्रेलियाने देणगीसाठी मुलांना अनाथाश्रमात आणण्याच्या प्रकाराचीही दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांना कुटुंबातच वाढू देण्यावर भर देणारा ठराव केला.

आठ दिवस माया लावली तर बिघडले कुठे?

लहान मूल दर महिन्याला नव्या ‘दीदी-भैया’ला बिलगते आणि आठवड्याने ते निघून जातात. पाहुण्यांसाठी ती आठवण असते. मुलासाठी मात्र जवळ आलेला माणूस निघून जाण्याचा तो आणखी एक अनुभव असतो.

संस्थेत वाढण्याचा परिणाम मोजणारा गाजलेला अभ्यास रोमानियातला आहे. बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पात १३६ लहान मुले होती. काहींना पालक-कुटुंबात ठेवले, काही संस्थेतच राहिली. २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ अधिक चांगली झाली आणि जितक्या लहान वयात ती घरात गेली तितका फायदा जास्त दिसला.

भारतात कायदा काय सांगतो?

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुख्य नियम असे :

• मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक. नोंदणी नसेल तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

• काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. मूल कुठे राहणार हे समिती ठरवते. संस्था किंवा एजंट नाही.

• संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय. आधी कुटुंब, मग नातेवाईक, मग पालक-कुटुंब.

• दत्तक द्यायचे तर ‘कारा’ या केंद्रीय यंत्रणेमार्फतच. परस्पर मूल देणे-घेणे गुन्हा आहे. मे २०२१ मध्ये ‘कोविडमुळे अनाथ झालेले बाळ दत्तक घ्या’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरले, तेव्हा केंद्र सरकारला जाहीर इशारा द्यावा लागला होता.

• अशा मुलाची ओळख उघड होईल असे नाव, शाळा, पत्ता किंवा फोटो प्रसिद्ध करण्यास कलम ७४ ने मनाई केली आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाला बालगृहात केक कापून स्टेटसला मुलांचे फोटो टाकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

परदेशी पाहुण्यांसाठी वेगळे नियम?

हो. ई-टुरिस्ट व्हिसावर मोबदला न घेता जास्तीत जास्त एक महिन्याचे स्वयंसेवी काम करता येते. प्रार्थनेला जाता येते, पण धर्मप्रचार करता येत नाही. मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा लागतो.

परदेशी देणगीसाठी ‘एफसीआरए’ नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पाहुण्याने रोख रक्कम हातात दिली आणि संस्थेने ती खिशात ठेवली, तर ते बेकायदा आहे.

नियमांच्या या बाजूचा फटका मुलांनाही बसतो. चर्चच्या पाठबळावर चालणाऱ्या ‘कंपॅशन इंटरनॅशनल’ या अमेरिकी संस्थेच्या देणग्यांवर गृह मंत्रालयाने पूर्वपरवानगीची अट घातली. मार्च २०१७ मध्ये संस्थेने भारतातील काम थांबवले. तिची मदत मिळणारी जवळपास दीड लाख मुले होती. सरकारचा आक्षेप धर्मांतराला पैसा जात असल्याचा होता, संस्थेने तो फेटाळला. बरोबर कोण, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : सातासमुद्रापलीकडच्या दात्यावर उभे असलेले शिक्षण एका आदेशाने थांबू शकते.

घरीच राहून मदत मिळते का?

मिळते, आणि इंझोरीच्या वाचकासाठी हीच सर्वांत उपयोगाची माहिती.

• क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना : राज्य सरकारची. एका मुलासाठी दरमहा २,२५० रुपये, म्हणजे वर्षाला २७,००० रुपये. दोन्ही पालक असलेच पाहिजेत किंवा दोन्ही नसलेच पाहिजेत अशी अट नाही. एक पालक गमावलेल्या मुलालाही अर्ज करता येतो.

• मिशन वात्सल्य प्रायोजकत्व : केंद्राची. दरमहा ४,००० रुपये. ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांपर्यंत असावे लागते, शहरी भागात ९६,००० रुपयांपर्यंत.

• अनाथ आरक्षण : राज्यात २०१८ पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना एक टक्का आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते.

अर्जासाठी साधारणपणे मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाइड, आधार, रेशन कार्ड आणि बँक पासबुक लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी महिला व बालविकास अधिकारी कार्यालय आणि बाल संरक्षण कक्ष हे काम पाहतात. गावात अंगणवाडी सेविका आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीकडून सुरुवात करता येते. तातडीची अडचण असेल तर १०९८ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

आता एक हिशेब. अमेरिकेहून भारतात येऊन परत जायला एका माणसाला लाखभर रुपये सहज लागतात. मिशन वात्सल्यच्या दराने एका मुलाचे वर्षाचे होतात ४८,००० रुपये. म्हणजे सहलीतील एका तिकिटात दोन मुले वर्षभर आपल्या आईजवळ, आजीजवळ राहून शिकू शकतात.

मग मदत करूच नये का?

तसे नाही. ज्यांना खरोखर कुणीच नाही, ज्यांच्या घरातच हिंसा आहे, अशा मुलांना चांगली बालगृहे लागतातच. फक्त पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. संस्थेची नोंदणी आहे का? प्रत्येक मुलासाठी बालकल्याण समितीचा आदेश आहे का? मागच्या वर्षी किती मुले घरी परत गेली? पाहुण्यांना मुलांसोबत एकटे सोडले जाते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असेल तर थांबून विचार करा.

परदेशात नोकरीला असलेला तुमचा भाऊ किंवा मैत्रीण ‘गावाकडच्या अनाथ मुलांसाठी काही करायचंय’ म्हणत असेल, तर त्यांना हेच सांगता येईल. शाळेची फी, सायकल, वसतिगृहाऐवजी बसचा पास, आईसाठी शिलाई मशीन आणि दाखले काढून देणारा एक माणूस. यात फोटो कमी निघतील, पण मूल घरात राहील.

आणि तुमच्या गल्लीत वडील गेलेले एखादे मूल असेल, तर त्याच्या आईला एकच विचारा : बालसंगोपनचा अर्ज भरला का?