साडेसात तोळ्यांचा घोळ

रमजान लागला की मशिदीच्या दारात मदरशांची पावतीपुस्तकं दिसू लागतात. त्यावरून जकात, म्हणजे मालमत्तेवरचं सक्तीचं दान, रमजानातच द्यायची असते, असा समज पक्का झाला आहे. खरं तर ज्याची त्याची तारीख वेगळी. निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेइतकी मालमत्ता हाती येऊन चांद्रवर्ष पुरं झालं की त्या दिवशी जकात लागू होते. रमजानात सवाब (पुण्य) जास्त म्हणून लोक तो महिना धरतात, एवढंच. काही व्यापारी सोयीसाठी 31 मार्च धरतात. पण चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं. 31 मार्च धरला तर तेहेतीस वर्षांत एका वर्षाची जकात बुडते.

दुसरा समज, ‘कमाईवर अडीच टक्के’. जकात कमाईवर नसते, शिलकीवर असते. महिन्याला लाख मिळवून सगळे खर्चणाऱ्यावर ती कदाचित लागणारही नाही. काही कमाई नसलेल्या, पण कपाटात सोनं असलेल्या विधवेवर लागेल. राहतं घर, वापरातली गाडी, कारागिराची अवजारं यांवर जकात नाही. दुकानातल्या विक्रीच्या मालावर आहे, आणि भाव वाढला की विकू म्हणून घेतलेल्या प्लॉटवरही, चालू बाजारभावानं.

खरा घोळ सोन्याचा. निसाब साडेसात तोळे, हे सगळ्यांना पाठ. पण हा तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा, म्हणजे निसाब 87.48 ग्रॅम. आजचा सराफ 10 ग्रॅमला तोळा म्हणतो, त्याच्या मापानं तो पावणेनऊ तोळ्यांवर जातो. मग आठ तोळेवाली सुटली? इस्लामी कायद्याच्या हनफी मताप्रमाणे तिच्याकडे फक्त सोनंच असेल तर सुटली. सोन्याबरोबर बँकेत चार पैसे साठलेले असले की दोन्हींची किंमत एकत्र धरून चांदीचा निसाब लावतात: साडेबावन्न जुने तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदी. चांदी सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून चार तोळेवालीसुद्धा आत येते. सोनं आणि शिल्लक मिळून 4,00,000 रुपये झाले, तर जकात 10,000. निसाबाच्या वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या रकमेवर.

आणि ही जकात त्या बाईवर, नवऱ्यावर नाही. स्त्रीधन तिचं, तर जकातही तिची. नवऱ्यानं तिला विचारून भरली तर चालते. पण ‘घरचा कर्ता भरतोच की’ म्हणून तिनं हिशेबच न करणं चुकीचं.

अंगावरच्या दागिन्यांबाबत मात्र मतभेद आहे आणि तो आपल्याकडे घरोघरी भेटतो. कोकणी मुसलमान मुख्यतः शाफई. त्या मतात नेहमीच्या वापरातल्या, बेताच्या दागिन्यांवर जकात नाही. घाटावरचे बहुतेक हनफी, त्यांच्यात आहे. रत्नागिरीची मुलगी सोलापुरात दिली की सासू-सुनेचा हिशेब जुळत नाही, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. सोन्याची बिस्किटं आणि नाणी दोन्हींकडे मोजली जातात. तिथे पळवाट नाही.

द्यायची कोणाला? कुराणाच्या सूरह तौबामध्ये आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत, त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत, अडकलेला प्रवासीही आहे. आईबाप, मुलं, नातवंडं यांना जकात चालत नाही. त्यांना पोसणं वेगळं कर्तव्यच आहे. गरजू भाऊ-बहीण, मावशी, काका यांना चालते, आणि आधी त्यांच्याकडे पाहावं. लोक नेमकं उलटं करतात: लांबच्या संस्थेला पैसे पाठवतात, आणि बहीण भाड्यासाठी हात पसरत असते. बहुसंख्य उलेमांच्या मते मशिदीच्या बांधकामालाही जकात चालत नाही, कारण ती कुणा हक्कदाराच्या मालकीची व्हावी लागते. बांधकामाला सदका (ऐच्छिक दान) द्यावा.

उधारी माफ करून ती जकातीत वळती करण्याची युक्तीही बहुतेक उलेमा मानत नाहीत. देणेकरी खरोखर गरीब असेल तर जकात आधी त्याच्या हातात द्यावी. पुढे त्यानं त्याच पैशातून उधारी फेडली तर ती त्याची मर्जी.

राहिला फित्रा, रमजानच्या शेवटचं दान. तो जकातीचा भाग नाही; ईदच्या नमाजाआधी, घरातल्या लहान मुलांच्याही वाटचा द्यायचा असतो.

देताना ‘ही जकात आहे’ असं सांगावंच लागतं, हाही समजच. नियत देणाऱ्याच्या मनात असली की पुरे. ईदी म्हणून द्या, मुलांच्या फीचे म्हणून द्या. घेणाऱ्याला मान खाली घालायला लावण्याची अट कुठेच नाही.