धागा ताणणारं पाणी

धरणगावच्या शिवारात वेचल्या जाणाऱ्या कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी. फूल उमलतं त्या सुमारास ती कोवळ्या सरकीच्या सालीवर वाढू लागते आणि साधारण तीन आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. ही लांबी तिला देतो पाण्याचा दाब.

पेशीच्या पातळ पटलातून पाणी सहज ये-जा करतं; क्षार आणि साखर मात्र अडतात. जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. हेच परासरण. कोवळा धागा पोटात पोटॅशियम आणि साखर साठवतो, पाणी आत शिरतं आणि पेशी फुगू पाहते. पटलाबाहेरची सेल्युलोजची भित्तिका तिला फुटू देत नाही, पण दाबाखाली हळूहळू ताणली जाते. पुढे हीच भित्तिका जाड होत जाते. बोंड फुटल्यावर पेशी वाळून मरते. मागे उरते ती भित्तिका, आपली रुई.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीला असं कवच नाही. साध्या पाण्यात ती फुगून फुटते, दाट मिठाच्या पाण्यात आक्रसते. म्हणूनच सलाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं. गंमत अशी, की पाण्याची वाट दोघींची एकाच घराण्यातली. पटलातून पाणी नेणारं ॲक्वापोरिन हे प्रथिन पीटर ॲग्रे यांनी तांबड्या पेशींतच ओळखलं. त्यासाठी त्यांना २००३ चं नोबेल मिळालं. तशीच प्रथिनं वनस्पतींतही आहेत. फरक आहे तो भित्तिकेचा.

भित्तिका नसल्यामुळे प्राण्याच्या शरीराला पेशींभोवतीचं मीठ-पाणीच तोलावं लागतं. खानदेशच्या उन्हात घामावाटे मीठ जातं. त्यावर नुसतंच भरमसाट पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं, पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. जुलाबात पाणी आणि क्षार दोन्ही जातात. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. आतडं साखरेसोबत सोडियम शोषतं आणि त्यामागे पाणी येतं, तेही परासरणानेच.

धागा लांबत असताना कपाशीला पाण्याचा ताण बसला किंवा पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी पडलं, तर तो आखूड राहतो. त्या दिवसांत पिकाला पाणी आणि पालाश, तर उन्हात राबून घामाघूम झालेल्या माणसाला पाण्याबरोबर मीठही मिळायलाच हवं.