सांगली ते भूम : बुद्धिबळ मंडळांच्या आठ दशकांचा मागोवा

भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं, तेव्हा सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं आणि भूम निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. सांगलीला नाटकाची परंपरा होती, राजाश्रय होता, संध्याकाळी चार माणसं जमवायची सवय होती. भूमच्या वाट्याला बालाघाटाचा माळ, पावसाची ओढ आणि बाणगंगेचं काठोकाठ कधीतरीच येणारं पाणी आलं. दोन्हीकडे पट मात्र मांडला जात होता. सांगलीत त्या पटाभोवती संस्था उभी राहिली. तालुक्याच्या गावांत तो बहुधा घराच्या ओसरीवरच राहिला. महाराष्ट्रातल्या बुद्धिबळ मंडळांचा मागोवा घ्यायचा, तर हाच फरक समजून घ्यावा लागतो.

त्या काळचा डावही वेगळा होता. पारावर आणि देवळाच्या ओवरीत खेळलं जायचं ते देशी पद्धतीनं. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी घेता यायची. याच पद्धतीत वाढलेला मीर सुलतान खान १९२९ मध्ये इंग्लंडला गेला, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला, आणि १९३२ व १९३३ मध्ये पुन्हा जिंकला. परक्या नियमांनी खेळून मिळवलेलं हे यश विलक्षण होतं. पण सामान्य खेळाडूला देशी डावातून आंतरराष्ट्रीय डावात आणायला कुणीतरी शिकवणारं हवं होतं : चाली लिहायच्या कशा, घड्याळावर खेळायचं कसं, सुरुवातीच्या चालींचा अभ्यास कसा करायचा. हे काम मंडळांनी केलं. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राच्या रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासोबत संयुक्त विजेतेपद मिळवलं.

मग आलं १९७२. रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांचा सामना झाला आणि जगभर बुद्धिबळाचं वेड पसरलं. त्याच वर्षी मद्रासमध्ये मॅन्युएल आरन यांनी सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू केला. लहानगा विश्वनाथन आनंद तिथेच घडला. एका परदेशी केंद्राची जागा, तिथली पुस्तकं आणि रोज खेळायला येणारे तरबेज खेळाडू, एवढ्या भांडवलावर भारताला पहिला ग्रँडमास्टर मिळाला.

महाराष्ट्रात त्याच सुमारास एक घरच क्लब झालं होतं. मुंबईच्या खाडिलकर भगिनींचं घराणं मूळचं सांगलीचं, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंती यांनी जिंकली. पुढच्या वर्षी जयश्री आणि १९७६ मध्ये रोहिणी विजेत्या ठरल्या. घरात तिघी समान ताकदीच्या असल्या की सरावाला बाहेर जावं लागत नाही. इतर घरांत अशी सोय नव्हती. तिथल्या मुलींना मंडळाचंच दार हवं होतं, आणि सांगलीत ते उघडं होतं. पडसलगीकरांच्या हाताखाली तयार झालेल्या भाग्यश्री साठे १९८५ पासून पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९८७ मध्ये पद्मश्रीनं गौरवल्या गेल्या. पुढे महिला ग्रँडमास्टर झालेल्या स्वाती घाटे याही सांगलीच्याच. मुलीला संध्याकाळी निर्धास्तपणे पाठवता येईल असं ठिकाण गावात असणं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आजही नाही.

नव्वदीनंतर चित्र पालटलं, आणि गंमत अशी की ते पालटलं खेळाच्या भरभराटीमुळेच. आनंदच्या यशानं पालक जागे झाले. शिकवणी वर्ग निघाले, अकादम्या उभ्या राहिल्या. मंडळात संध्याकाळी फुकट शिकवणारा जाणता खेळाडू आता शुल्क घेऊन शिकवू लागला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, कारण त्याची विद्या त्या किमतीची होतीच. पण पन्नाशीतला कारकून, कॉलेजातला पोरगा आणि पाचवीतली मुलगी एकाच पटाभोवती बसायची, ती बैठक मोडली. वर्गात वयाप्रमाणे आणि फीप्रमाणे तुकड्या पडतात.

दुसरा बदल मानांकनाचा. जागतिक महासंघाच्या मानांकनाची किमान पातळी पूर्वी फार वर होती. गावातल्या खेळाडूचा तिच्याशी संबंधच यायचा नाही. ती टप्प्याटप्प्यानं उतरत २०१२ मध्ये १००० गुणांवर आली. (२०२४ मध्ये ती पुन्हा १४०० केली गेली.) त्यामुळे दहा वर्षांच्या मुलालाही आंतरराष्ट्रीय आकडा मिळू लागला आणि ज्या स्पर्धेत तो मिळत नाही तिथे प्रवेशिका आटल्या. मानांकन स्पर्धा भरवायची तर परवाना असलेले पंच हवेत, नोंदणीचं शुल्क हवं, प्रत्येक पटाला डिजिटल घड्याळ हवं. एकेका घड्याळाला काही हजार रुपये पडतात. पुण्या-मुंबईला प्रायोजक मिळतो, जळगावला जैन उद्योगसमूहासारखा पाठीराखा मिळाला. तालुक्याच्या गावात वर्गणीच्या पावतीपुस्तकावर हे गणित जुळत नाही, आणि वर्षानुवर्षं चाललेली एक दिवसाची साधी स्पर्धा मुकाट्यानं बंद पडते.

भूमसारख्या गावात मुलाची बुद्धिबळाशी पहिली औपचारिक ओळख होते ती शालेय क्रीडा स्पर्धेत. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट, आधी तालुका, मग धाराशिवला जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य. अशा तालुका फेरीत नेहमी दिसणारा एक प्रसंग बघण्यासारखा असतो. सतरंजीवर पट मांडलेले असतात. आठवीतला एक मुलगा मोबाइलवर खेळून तरबेज झालेला असतो, त्याचे डावपेच भल्याभल्यांना चकवणारे असतात. तो उंट उचलतो, विचार बदलतो आणि परत ठेवतो. समोरचा हात वर करतो. सर येऊन सांगतात, हात लावला की चाल तीच. पुढे तो किल्लेकोट करताना आधी हत्तीला हात लावतो. नियमाप्रमाणे आधी राजा हलवावा लागतो, म्हणून आता त्याला हत्तीच हलवावा लागतो आणि राजा उघडा पडतो. घड्याळ असेल तर तो एका हातानं चाल करतो आणि दुसऱ्या हातानं बटण दाबतो, तेही चालत नाही. बुद्धी त्या मुलापाशी भरपूर असते. पण पडद्यावर हे नियम यंत्रच सांभाळतं, त्यामुळे ते त्याच्या हाताला कधी शिकावेच लागलेले नसतात. असा मुलगा आठवड्यातून दोनदा माणसासमोर बसला असता, तर हे एका महिन्यात अंगवळणी पडलं असतं.

जिल्ह्याला हरून परतलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हा मंडळांच्या कहाणीतला सर्वांत दुखरा भाग आहे. तो वर्षभर मोबाइलवर खेळतो. दहावी येते तेव्हा खेळाच्या सवलतीच्या गुणांपुरती स्पर्धा उरते. बारावीनंतर तो लातूरला किंवा पुण्याला जातो. गावात मंडळ चालवायला तिशीतला माणूस लागतो, आणि नेमकी तीच पिढी गावात नसते. आई-वडील खव्याच्या भट्टीवर किंवा रानात, शिक्षकांची बदली कधी होईल याचा नेम नाही. उत्साही मास्तर आले की चार वर्षं पट निघतात आणि ते गेले की कपाटात जातात.

२०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन बुद्धिबळाला उधाण आलं. भूमचा मुलगा घरबसल्या ब्राझीलच्या खेळाडूशी खेळू लागला, ही मोठी गोष्ट झाली. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतानं दोन्ही सुवर्णं जिंकली. त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होते, आणि महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. २०२५ च्या जुलैमध्ये दिव्यानं बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळवला. खेळाचा इतका चांगला काळ महाराष्ट्रानं पाहिला नव्हता. तरी यशाची ही गावं पाहिली तर ती नाशिक, नागपूर, पुणे अशीच आहेत.

टिकलेली मंडळं कशामुळे टिकली, हे पाहिलं की उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. नूतन बुद्धिबळ मंडळ पडसलगीकरांच्या पश्चातही चाललं, सांगलीचा उन्हाळी बुद्धिबळ महोत्सव भरत राहिला. स्थानिक घराण्यांनी आपल्या माणसांच्या नावे स्पर्धा लावून दिल्या, आणि सुट्टी लागली की सांगलीला जायचं हे राज्यभरच्या खेळाडूंना ठाऊक झालं. माणूस गेला तरी ठरलेला हंगाम राहिला. न्यूयॉर्कचा मार्शल क्लब १९१५ पासून टिकून आहे, कारण १९३१ मध्ये त्याला हक्काची इमारत मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोतला मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचा क्लब तर १८५४ च्या एका वाचनालयाचा भाग म्हणून जगला. तिथे जागा, दिवा आणि दप्तर बुद्धिबळवाल्यांना वेगळं उभं करावं लागलं नाही.

हा शेवटचा मार्ग मराठवाड्याला परका नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित वाचनालयं तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या खेड्यांतही आहेत. वाचक घटल्याची त्यांची तक्रार आहे, आणि बुद्धिबळाला जागा नसल्याची खेळाडूंची. दोन्ही अडचणी एकाच खोलीत सुटण्यासारख्या आहेत. सुरुवातीला सहा पट, दोन घड्याळं आणि आठवड्यातल्या ठरलेल्या दोन संध्याकाळी पुरतात. चावी मात्र दोघांकडे हवी आणि त्यातला एक तरी बदलीच्या नोकरीतला नसावा, दुकानदार किंवा निवृत्त माणूस असावा. मुलींसाठी वेळ दिवस मावळण्याआधीची ठेवावी. आणि दर वर्षी शालेय तालुका फेरीच्या आधीच्या एखाद्या रविवारी एक दिवसाची स्पर्धा लावावी, तिची तारीख बदलू नये. पुण्याला गेलेली मुलं त्या रविवारी परतली, तर पंच म्हणून त्यांनाच बसवावं. मानांकन स्पर्धेचा विचार त्यानंतर तीन-चार वर्षांनी केला तरी चालेल.