नळीची तारीख

आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो. मूर्ती एकच, स्थाने दोन. देव कधी न्यायचा आणि कधी परत आणायचा, याचा दोन्ही गावच्या मंडळींत लेखी करार होतो. साक्षात देवाचा प्रवास, पण तोही तोंडी भरवशावर सोडलेला नाही. बँकेत उभी हयात कागद तपासण्यात गेल्यामुळे मला या रिवाजाचे फार कौतुक. दोन वर्षांपूर्वी हा करार मला भलत्याच वेळी आठवला. देवाच्या जाण्यायेण्याची तारीख कागदावर असते. माझ्या थोरल्या भावाच्या देहात घातलेल्या नळीची तारीख मात्र कुठेच नव्हती.

अण्णांनी ऐंशी ओलांडलेली. प्रोस्टेटची गाठ वाढली आणि एके रात्री लघवी पार अडली. शहरातल्या एका दवाखान्यात नेले, नळी घातली, अर्ध्या तासात माणूस सुखावला. मांडीला पिशवी बांधून ते गावी परतले. ऑपरेशन पुढे बघू, असे ठरले. पुढे काही दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, अण्णा असंबद्ध बोलू लागले, पिशवीतली लघवी गढूळ झाली. या वेळी दुसरे रुग्णालय गाठले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘‘नळी कधी घातली?’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘झाले असतील आठ-दहा दिवस.’’ पुतण्या म्हणाला, ‘‘नाही, महिना होत आला.’’ पहिल्या दवाखान्याच्या कार्डावर औषधांची नावे होती, पुढच्या तपासणीचा दिवस होता. नळीचा उल्लेखच नव्हता. शेवटी मी माझी खर्चाची वही काढली. नोकरी सुटली तरी रोजचा जमाखर्च लिहायची खोड सुटलेली नाही. त्यात सापडले : ‘नळी, पिशवी, रिक्षा.’ त्या दिवसापासून मोजले, तर एकवीस दिवस भरत होते.

डॉक्टरांना तारीख उगाच नको होती. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर तिच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर बसलेला असतो. अशा नळीतून घेतलेल्या लघवीच्या तपासणीत त्या थरातले जंतू दिसतात, मूत्राशयातले खरे चित्र दिसतेच असे नाही. म्हणून आधी जुनी नळी काढायची, अजून गरज असेल तर नवी घालायची, आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा, असा संकेत आहे. तसे केले. योग्य औषध लागू पडले. आठव्या दिवशी अण्णा घरी आले.

इथे गोष्ट संपली असती. परंतु पुतण्याच्या विम्याचे कागद माझ्या हाती आले आणि माझ्यातला जुना तपासनीस जागा झाला. निदानापुढे एक अंक होता : एन ३९.०. खिडकीवरच्या मुलाला विचारले. तो म्हणाला, ‘‘लघवीचा संसर्ग, काका. जागा निश्चित न सांगितलेला.’’ मी म्हटले, ‘‘अरे, पण हा तर नळीमुळे झाला.’’ त्यावर त्याने दिलेले उत्तर मला अजून आठवते. ‘‘डॉक्टरांनी कार्डावर लिहिलंय त्याचाच नंबर मी टाकतो. मनानं कसा टाकू?’’

त्याचे बरोबर होते. व्हाउचरवर नसलेली रक्कम कॅशिअरने मनाने भरली असती, तर मीच त्याला मेमो दिला असता.

हे अंक आले कुठून? जगभरच्या मृत्यूंची कारणे एकाच यादीत बसावीत म्हणून झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने एक वर्गीकरण रचले. ते १८९३ साली स्वीकारले गेले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ते हाती घेतले आणि त्यात मृत्यूंबरोबर आजारही आले. त्याची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली, अकरावी २०२२पासून लागू झाली. दहाव्या आवृत्तीत नळीच्या दुखण्यांना स्वतंत्र घरे आहेत. नळी तुंबली, गळाली, सरकली, तर टी ८३.०. मूत्रमार्गात बसवलेल्या साधनामुळे संसर्ग झाला, तर टी ८३.५. ‘नळीमुळे’ हा एक शब्द डॉक्टरांनी लिहिला असता, तर अण्णांचा ताप या दुसऱ्या घरात गेला असता. न लिहिल्यामुळे तो ‘जागा निश्चित नाही’मध्ये पडला. बँकेत अशा खात्याला आम्ही ‘सस्पेन्स’ म्हणत असू. उगम न कळलेली रक्कम तिथे तात्पुरती टाकायची, पण ती तिथेच मुरू लागली की शाखेत काहीतरी बिघडले आहे, असे समजायचे.

डॉक्टर तो शब्द का लिहीत नाहीत? एक कारण घाई. दुसरे खरोखर वैद्यकीय आहे : नळी फार दिवस राहिली की लघवीत जंतू सापडतातच. जंतू सापडले म्हणजे आजार झाला, असे नव्हे. तो निवाडा डॉक्टरांनीच करायचा. तिसरे कारण मात्र भीतीचे. ‘नळीमुळे’ लिहिले की आपणच गुन्हा कबूल केला, असे वाटते. वस्तुतः त्याच वर्गीकरणात वाय ८४.६ असा एक अंक आहे. त्याचा अर्थ : नळी घालण्याच्या वेळी काही चूक झाल्याचा उल्लेख नाही, पण पुढे गुंतागुंत तिच्यामुळे झाली. म्हणजे कारण सांगणे वेगळे आणि दोष देणे वेगळे, हे अंक रचणाऱ्यांनाही ठाऊक होते.

भीतीत पैशाची भर पडली की काय होते, ते अमेरिकेत दिसले. रुग्णालयात असताना नळीमुळे झालेल्या संसर्गाचे जादा पैसे देणे तिथल्या मेडिकेअर योजनेने ऑक्टोबर २००८पासून बंद केले. हेतू चांगला होता. मिशिगनमधील अभ्यासकांनी नंतर बिले तपासली, तेव्हा त्यांत लघवीचे संसर्ग भरपूर होते; ‘नळीमुळे’ हा अंक मात्र क्वचित. नळीची नोंद बहुधा परिचारिकांच्या टिपणांत असे, आणि अंक टाकणाऱ्याने डॉक्टरांच्याच शब्दांवर चालायचे, असा नियम. आमच्या खिडकीवरचा मुलगाच जणू तिथेही बसलेला!

आपल्याकडे याचे शेवटचे टोक मृत्यूच्या दाखल्यावर दिसते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतात. त्यात तात्काळ कारण, त्यामागचे कारण आणि सर्वांत खाली मूळ कारण, अशा ओळी असतात. नुसते ‘हृदय बंद पडले’ असे लिहू नये, अशी सूचनाही असते. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. अण्णा त्या तापात गेले असते, तर त्या ओळींवर कुठेतरी नळी आली असती का? मला शंका आहे. आणि जे लिहिले जात नाही, ते मोजले जात नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी कोणी परिचारिका वाढवत नाही, की ‘ही नळी आज काढता येईल का?’ असे रोज विचारत नाही.

फुग्याची ही नळी अमेरिकन शल्यचिकित्सक फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. तिने अण्णांचा जीव वाचवला, हे मी विसरत नाही. तक्रार नळीबद्दल नाही, तिच्या बेवारसपणाबद्दल आहे. इंग्लंडमध्ये अशा रुग्णाला ‘कॅथेटर पासपोर्ट’ नावाची पुस्तिका देतात : नळी कधी घातली, कशासाठी, कोणत्या मापाची, कधी बदलायची. आपल्याला पुस्तिकाही नको. कार्डावर चार ओळी पुरेत. ज्या अणदूरमध्ये डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या साध्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केले, तिथे या चार ओळी कोणाला झेपणार नाहीत, असे मी मानणार नाही.

पुढे अण्णांचे ऑपरेशन होईपर्यंत नळी आणखी एकदा बदलावी लागली. त्या संध्याकाळी वहिनींनी भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले. दुधाच्या खाड्यांच्या खुणांशेजारी, त्या दिवसाच्या चौकोनात, त्यांनी बारीक अक्षरात लिहिले : ‘नळी बदलली.’ मग पेन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, ‘‘भावजी, बरोबर लिहिलंय ना? बघा एकदा.’’

चाळीस वर्षांत हजारो नोंदींखाली सह्या केल्या असतील. या नोंदीखाली मी सही केली, आणि तारीख पुन्हा एकदा लिहिली.