विश्लेषण : वराहपालनाची शेड म्हणजे ‘भाडे देणारी मालमत्ता’? अमेरिकेतील या गुंतवणुकीत मालक नेमके काय विकत घेतो?

अमेरिकेत शेती मालमत्तेच्या जाहिरातींमध्ये मक्याच्या शेतातील लांबलचक शेड विकायला असतात. आत दोन-अडीच हजार डुकरे आणि सोबत मांस उद्योगातील कंपनीशी झालेला दीर्घ मुदतीचा करार. डुकरे कंपनीची, खाद्य कंपनीचे आणि मालकाला ठरलेली रक्कम, त्यामुळे हा व्यवहार घर भाड्याने देण्यासारखा वाटतो. तो खरेच तसा आहे का?

हा व्यवसाय चालतो कसा?

अमेरिकेतील सुमारे एक तृतीयांश डुकरे एकट्या आयोवा राज्यात आहेत. तेथे पिल्लांचा जन्म एका ठिकाणी आणि वाढ दुसऱ्या ठिकाणी होते. सुमारे २० ते २५ किलो वजनाची पिल्ले ‘फिनिशिंग’ शेडमध्ये येतात. साधारण चार महिन्यांत ती १२५ किलोच्या आसपास पोहोचली की कत्तलखान्यात जातात. पिल्ले, खाद्य, औषधे आणि वाहतूक कंपनी पुरवते. शेड, वीज, गॅस, देखभाल, रोजची मजुरी आणि मलमूत्राची विल्हेवाट ही जबाबदारी शेडमालकाची असते.

मोबदला कसा मिळतो?

बहुतेक करारांत शेडमध्ये किती डुकरांची जागा आहे, त्यावर वार्षिक दर ठरतो. त्यामुळे बाजारभाव पडला तरी ठरलेली रक्कम मिळते. १९९८च्या अखेरीस डुकरांचे भाव कोसळले तेव्हा अनेक स्वतंत्र शेतकरी या धंद्यातून बाहेर पडले, पण करारावर शेड चालवणाऱ्यांना भावाचा थेट फटका बसला नाही. मात्र काही करारांत पैसे जागेनुसार नव्हे, तर आलेल्या डुकरांनुसार मिळतात. अशा करारात रोगामुळे शेड दोन महिने रिकामी राहिली, तर उत्पन्न थांबते आणि कर्जाचे हप्ते सुरूच राहतात.

हिशेब कसा मांडायचा?

समजा, २४०० डुकरांची शेड आहे आणि जागेमागे वर्षाला ४० डॉलर मिळतात. एकूण उत्पन्न झाले ९६ हजार डॉलर. खरेदीसाठी ५ लाख डॉलरचे कर्ज ७ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचे हप्ते सुमारे ७० हजार डॉलर होतात. उरलेल्या २६ हजारांतून वीज, गॅस, विमा, मालमत्ता कर, दुरुस्ती आणि मजुरी भागवायची. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत हातात फारसे काही उरत नाही. खरी कमाई नंतरची. पण तोवर शेड जुनी झालेली असते आणि बहुधा करारही संपत आलेला असतो.

मग स्थानिक शेतकरी शेड का बांधतात?

याचे मोठे उत्तर खतात आहे. शेडच्या फटींच्या जमिनीखाली खोल टाकी असते. त्यात वर्षभर साठलेले मलमूत्र मक्याची कापणी झाल्यावर शेतात मुरवले जाते. त्यातील नत्र, स्फुरद आणि पालाश यामुळे रासायनिक खताचा खर्च वाचतो. शिवाय रोजचे काम घरचीच माणसे करतात. शहरात राहणाऱ्या गुंतवणूकदाराकडे शेती नसते आणि मजूरही पगारी असतो. तीच शेड, तोच करार, पण शेतकऱ्याला परवडणारा व्यवहार त्याला तोट्याचा ठरू शकतो. खत उचलण्यासाठी शेजारच्या शेतकऱ्यांशी लेखी करार आहेत का, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.

हे घरबसल्या उत्पन्न आहे का?

नाही. उन्हाळ्यात वीज जाऊन पंखे बंद पडले, तर बंदिस्त शेडमधील डुकरे काही तासांत गुदमरून किंवा उष्णतेने मरू शकतात. जनरेटर, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आणि काही मिनिटांत पोहोचू शकणारा माणूस लागतोच. टाकीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड माणसांसाठीही जीवघेणा आहे आणि छताचे लोखंडी भागही त्यामुळे गंजतात.

कायदा काय सांगतो?

आयोवात २५०० किंवा त्याहून अधिक डुकरांच्या नव्या बंदिस्त शेडसाठी बांधकाम परवाना लागतो. अनेक शेड या मर्यादेच्या किंचित खाली बांधलेल्या दिसतात त्या यामुळेच. १२५० पेक्षा जास्त डुकरे असल्यास खत व्यवस्थापनाचा आराखडा सादर करावा लागतो. २००८च्या केंद्रीय कृषी कायद्याने डुकरांच्या उत्पादन करारावर सही केल्यानंतर तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करण्याची मुभा उत्पादकाला दिली आहे. अमेरिकेत राहून भाड्याच्या घरांत पैसे गुंतवणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीवर आयोवात शेतजमीन खरेदीचे कडक निर्बंध आहेत.

सर्वांत मोठा धोका कोणता?

करार संपण्याचा. घर रिकामे झाले तर दुसरा भाडेकरू मिळतो. या शेडचा मात्र दुसरा उपयोग जवळजवळ नसतो आणि परिसरात डुकरे देणाऱ्या कंपन्या मोजक्याच असतात. २०२३ मध्ये डुकरांचा धंदा मोठ्या तोट्यात असताना स्मिथफील्ड या बड्या कंपनीने युटा राज्यातील २६ फार्मशी असलेले करार संपवले. ठरलेल्या दरामुळे भावाच्या चढउतारापासून संरक्षण मिळते, पण ते करार टिकेपर्यंतच.

त्यामुळे खरेदीआधी शेडच्या भिंतींइतकेच कराराचे कागद तपासावे लागतात. किती वर्षे उरली आहेत, विक्रीनंतर करार नव्या मालकाच्या नावे करण्यास कंपनीची लेखी संमती आहे का, शेड रिकामी असताना पैसे मिळतात का आणि कंपनीला कोणत्या कारणाने बाहेर पडता येते? कर्जाची मुदत कराराच्या उरलेल्या मुदतीपेक्षा जास्त असेल, तर शेवटच्या वर्षांचे हप्ते कोठून भरणार, याचे उत्तर खरेदीदाराकडे सही करण्याआधी असायला हवे.